शेवटचा साधा सभासद

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा पदाधिकारी जास्त झाले होते. अरण्य उद्धार पक्षाचे अध्यक्ष वराहराव रानडुक्कर कोणालाच नाही म्हणत नसत. जो रुसेल त्याला पद. माकडे फांदीप्रमुख झाली, मुंगूस वारूळ आघाडीचा सरचिटणीस झाला. बेडकाला तर पाऊस पडायच्या आधीच डबकेप्रमुख नेमले.

पद मिळाले की साध्या सभासदांतून नाव कमी होई. असे करता करता एकच साधा सभासद उरला, सखोबा साळिंदर.

सभेला मंचावर सगळा पक्ष आणि समोर एकटा सखोबा. सतरंजी त्यानेच अंथरायची, टाळ्याही त्यानेच वाजवायच्या. घरी साळूबाई सुनवायची, की बेडकाच्या बायकोला लोक वहिनीसाहेब म्हणतात आणि मला नुसती साळिंदरीण. सखोबाच्या जिवाला ते फार लागे. त्याला पद हवे होते, कसलेही.

शेवटी धीर करून त्याने मागितले. वराहरावांचे डोळे पाणावले.

"सखोबा, तुलाही पद दिलं, तर आम्ही नेते कोणाचे?"

तेवढ्यात नदीपलीकडच्या पक्षाने सखोबाला बोलावणे धाडले. त्यांच्याकडेही साधा सभासद औषधाला उरला नव्हता. वराहराव घाबरले. त्या दिवसापासून सरचिटणीस सखोबाला कंद आणून देऊ लागले आणि उपाध्यक्ष त्याचे पाय चेपू लागले. काटे टोचत, पण करतात काय बिचारे.

हे लाड पाहून बाकीच्यांचा जळफळाट झाला. साधे असण्यातच मजा आहे म्हणून सगळ्यांनी पदे सोडली. वराहरावांनीही सोडले. एका दिवसात सभासद मावेनात. टिटवी ओरडत सुटली, की ही विचारांची लाट आहे.

आता पदे घ्यायला उरला एकटा सखोबा. त्याला अध्यक्ष केले. मंचावरून खचाखच भरलेले मैदान पाहून त्याला रडूच आले.

सभासद मात्र पाय पसरून कंदांची वाट पाहत बसले. कंद आणणार कोण? सगळेच साधे. संध्याकाळी रुसून सगळे नदीपलीकडे गेले. तिथे आल्याआल्या पद मिळत होते. टिटवी म्हणाली, लाट ओसरली.

अध्यक्ष सखोबा घरी आला.

"साळू, तू तरी पक्षात ये. साधी सभासद म्हणून."

साळूबाई कंद सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"येते की. पण अहो, आधी पद सांगा."

तात्पर्य : पक्षात निष्ठेने टिकून राहावे. बाकीचे सगळे निघून गेले, की अध्यक्षपद आपोआप मिळते.