डोळ्यांची प्रॅक्टिस

"चार मिनिटं?" सुखदेवने कागद उलटा करून मागे अजून काही लिहिलंय का ते पाहिलं. "चार मिनिटं नुसतं एकमेकांच्या डोळ्यात बघत बसायचं?"

"बोलायचं नाही, हसायचं नाही. मग प्रेम बसतं," पुष्कर दामले म्हणाला. "दोघांचंही. इंटरनेटवर आलंय. अमेरिकेत प्रयोग झालेत."

"आपल्याकडे कर. चार मिनिटांनी चौकीत बसलेला असशील."

पुष्करने मानसशास्त्रावर विश्वास ठेवला, कारण बाकीचं सगळं करून झालं होतं. ऑफिसात अवनी त्याच्या शेजारच्या टेबलाशी बसायची. नागपूरची, मोकळी, खदखदून हसणारी. गेल्या दीड वर्षात पुष्करने तिला ई-मेलवर तीनशे फॉरवर्ड पाठवले होते, तिच्या प्रोग्रॅममधल्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या आणि तिची पंक्चर झालेली स्कूटी भर उन्हात अलका टॉकीजपर्यंत ढकलली होती. अवनी दर वेळी म्हणायची, "सो स्वीट!" मालनबाईंनी चहा आणून दिला तरी ती हेच म्हणायची. त्यामुळे आपण नक्की कुठे आहोत ते पुष्करला कळत नव्हतं.

आणि आता वेळ संपत आला होता. साल दोन हजार. पोरं-पोरी अमेरिकेला अशी निघाली होती, जशी काही स्वारगेटवरून गाडी सुटतेय. अवनीचा शुक्रवारी मुंबईला व्हिसाचा इंटरव्ह्यू होता. व्हिसा मिळाला की पंधरा दिवसांत विमान. त्याच्या आत काय ते व्हायला हवं होतं.

"पण तिला सांगणार काय? बस समोर, प्रेम बसवायचंय?" सुखदेवने विचारलं.

पुष्करने त्याचाही विचार केला होता. सोमवारी जेवण झाल्यावर तो अवनीला म्हणाला, "तू बोलताना खाली बघतेस. अमेरिकन लोकांना ते खोटारडेपणाचं वाटतं. व्हिसा ऑफिसर सगळ्यात आधी आय कॉन्टॅक्ट बघतो."

"अय्या, खरंच? मग?"

"प्रॅक्टिस करू. चार मिनिटं. मी बसतो समोर."

"सो स्वीट!" अवनी म्हणाली.

कंपनी सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये होती. सर्व्हर स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता आणि कॉन्फरन्स रूम म्हणजे काचा लावून बंद केलेली मागची बाल्कनी. तिथे दोघं समोरासमोर बसले. सुखदेव घड्याळ घेऊन दारात.

पहिलं मिनिट अवनी खुसखुसत होती. दुसऱ्या मिनिटाला गप्प झाली. तिसऱ्या मिनिटाला तिच्या डाव्या डोळ्यात पाणी आलं. चौथ्या मिनिटाला तिचे दोन्ही डोळे लालसर झाले आणि एक थेंब टपकन गालावर ओघळला. पुष्करने मनातल्या मनात लग्नाचा हॉल बुक केला.

तेवढ्यात काचेचं दार उघडून श्रीधरसाहेब आत आले. साहेब म्हणजे कंपनीचे मालक.

"काय चाललंय?"

"सर, आय कॉन्टॅक्ट," सुखदेव पटकन म्हणाला. "व्हिसासाठी. पुष्करने स्वतः डेव्हलप केलंय."

साहेबांचा चेहरा उजळला. पुढच्या सोमवारी अमेरिकेहून क्लायंट येणार होता. "फॅंटॅस्टिक! आपली माणसं क्लायंटशी बोलताना चपला शोधल्यासारखी खाली बघतात. सगळ्यांना घ्या, आत्ताच. आणि नुसतं बघणं नको, हात मिळवून. घट्ट!"

पाचच मिनिटांत सगळं ऑफिस बाल्कनीत. जोड्या लागल्या. हातात हात, डोळ्यात डोळे, चार मिनिटं झाली की जोडी बदल. साहेब स्वतः सुखदेवसमोर उभे राहिले. सुखदेवला पगारवाढ मागायची होती, त्यामुळे त्याने असं काही बघितलं की साहेबांचे डोळे भरून आले.

एकटी सुनीती आली नाही. ऑफिसचं सगळं आवरसावर तीच बघायची. फोन, कुरियर, रजा, शिवाय साहेबांचा बीपी.

"सुनीती, चला," साहेबांनी हाक मारली.

"मला नको. मी जन्मापासून पुण्यात आहे. इथे चार सेकंद बघितलं तरी लोक 'काय पाहिजे?' असं विचारतात."

मंगळवारी अवनी आली ती डोळ्यांवर काळा चष्मा लावून. तिचे डोळे आले होते. बुधवारी पुष्करचे आले.

"हे बघण्यानं येतंय," मालनबाईंनी चहाचे कप ठेवता ठेवता निकाल दिला. त्या खडकवासल्याकडून यायच्या आणि सगळ्यांच्या आजारांवर त्यांचं मत असायचं. "एकानं दुसऱ्याच्या डोळ्यात बघितलं की उडतंय. पहिली अवनीताई, मग ह्ये. म्हंजे कुणी कुणाकडं बघितलं ते काय सांगाय नको."

"अहो मालनबाई, ती प्रॅक्टिस होती!"

"तेच म्हणतीय मी. लई प्रॅक्टिस झाली."

पुष्कर लाल डोळ्यांनी लाजला. गुरुवारी मात्र मालनबाईंचं शास्त्र गोत्यात आलं, कारण गुरुवारी सगळ्यांचेच डोळे आले. साहेबांचे, सुखदेवचे, झाडून सगळ्यांचे. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर वर आले, सोमवारचा कार्यक्रम ऐकला आणि म्हणाले, "बघण्याने काही होत नाही. तुम्ही लाईन लावून हात मिळवलेत आणि तेच हात डोळ्यांना लावलेत. ही साथ आहे आणि ती तुम्ही ट्रेनिंग देऊन पसरवलीत. कोण तो ट्रेनर?"

अकरा काळे चष्मे पुष्करकडे वळले.

चांगले डोळे आता फक्त सुनीतीकडे होते. मालनबाईसुद्धा कप विसळून विसळून सापडल्या होत्या. सुनीतीने डॉक्टरांकडून सगळ्यांसाठी थेंबांच्या बाटल्या आणल्या आणि प्रत्येकीवर नाव लिहिलं. बाकीचे दुसऱ्या दिवसापर्यंत आपापलं औषध घालायला शिकले. पुष्करला जमेना. त्याचा थेंब कधी कपाळावर, कधी शर्टावर पडायचा.

"द्या इकडे," सुनीती म्हणाली. "मान मागे. उघडा डोळा."

"उघडलाय."

"हा? दामले, बंद दुकानाचं शटर यापेक्षा जास्त उघडं असतं."

"भीती वाटते हो."

"कशाची? थेंब आहे. वर बघू नका, माझ्याकडे बघा. काल काय जेवलात?"

"भरली वांगी... आई गं!"

"झालं एक. कुणी केली होती वांगी?"

"मीच. खोलीवर एकटा असतो ना. आई-बाबा सांगलीला."

"तुम्हाला वांगी भरता येतात आणि डोळा उघडता येत नाही?"

दिवसातून तीन वेळा हे चालायचं. सकाळी अकरा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच. एका डोळ्याला दोन मिनिटं, दोन डोळ्यांना चार. सुखदेवने एकदा सवयीने घड्याळ लावलं, आकडा बघितला आणि घड्याळ खिशात टाकलं.

शुक्रवारी अवनी मुंबईला जाऊन आली आणि शनिवारी पेढे घेऊन नाचतच ऑफिसात शिरली. "मिळाला! ऑफिसर म्हणाला, चष्मा काढा. मी काढला आणि पुष्करने शिकवलं तसं थेट त्याच्या डोळ्यात बघितलं. तो खुर्ची मागे घेऊन भिंतीला टेकला. एक प्रश्न नाही विचारला! शिक्का मारला, कागद टोकाला धरून सरकवला आणि 'नेक्स्ट!' म्हणून ओरडला."

सगळे हसले. अवनी पेढा घेऊन पुष्करच्या टेबलाशी आली.

"तुझ्यामुळे झालं रे. आशिषपण म्हणाला, त्या पुष्करला थँक्स सांग."

"आशिष कोण?"

"अरे, सांगितलं नाही तुला? न्यू जर्सीला असतो. मार्चमध्ये लग्न आमचं. म्हणून तर तिकडचा प्रोजेक्ट मागून घेतला मी."

पुष्करने पेढा तोंडात टाकला आणि काळीज फाटायची वाट बघत बसला. दीड वर्ष, तीनशे फॉरवर्ड आणि एक स्कूटी. आता फाटेल, मग फाटेल. सुखदेव पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभा राहिला.

"रड, लाजू नको. डोळे लालच आहेत, कुणाला कळणार नाही."

"अरे, ते... किती वाजले?"

"पाचला पाच मिनिटं कमी. का?"

पुष्कर उठला, केस नीट केले आणि सुनीतीच्या टेबलाकडे गेला.

सोमवारी क्लायंट आला. सुनीतीने सगळ्यांना एका रांगेत उभं करून लांबूनच नमस्कार करायला लावला, हात मिळवायचा नाही म्हणून बजावलं. बारा काळे चष्मे एकदम वाकले. क्लायंटने साहेबांना विचारलं, हा कंपनीचा युनिफॉर्म आहे का? साहेब म्हणाले, "येस." कॉन्ट्रॅक्ट वाढवून मिळालं आणि सुखदेवला पगारवाढही.

आठवड्याभरात सगळ्यांचे डोळे स्वच्छ झाले, चष्मे खणात गेले. पुष्करचे काही बरे होईनात. आरशात ते त्याला पांढरेशुभ्र दिसायचे, पण अकरा वाजले की आपोआप चुरचुरायला लागायचे. त्याला अपराधी वाटत होतं. बिचारी सुनीती आपली कामं सोडून औषध घालते आणि आपण धडधाकट डोळे घेऊन तिच्यापुढे मान टाकतो. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी त्याने ठरवलं, आज कबूल करायचं. चिडली तर चिडली.

आधी धीर यावा म्हणून तो चहा प्यायला स्वयंपाकघरात गेला. सर्व्हरशेजारच्या गॅसवर एका छोट्या भांड्यात पाणी उकळत होतं.

"हे कुणासाठी, मालनबाई? कोरा चहा?"

"तुमच्यासाठीच की," मालनबाई म्हणाल्या. "तुमच्या बाटलीतलं औषध गेल्या शुक्रवारीच सपलंय. सुनीतीताई रोज उकळून गार केलेलं पाणी भरत्यात तिच्यात. मला म्हनल्या, कुनाला बोलू नका. मी कशाला बोलतीय?"

पुष्कर चहा न पिताच बाहेर आला. दोन वाजायला दोन मिनिटं होती. सुनीती बाटली हलवत उभी होती, आत खरंच औषध असल्यासारखी.

"बसा. कसे आहेत डोळे?"

"अजून जरा... म्हणजे वेळ लागेल असं दिसतंय," पुष्कर म्हणाला.

"मलाही तसंच वाटतं. डॉक्टरांना काय कळतंय." तिने त्याची मान मागे केली आणि थेंब न टाकताच थांबली. "रविवारी ऑफिस बंद असतं. तेव्हा काय करायचं?"

"तुम्ही सांगाल तसं."

"मग घरी या. पत्ता सुखदेवकडे दिलाय. आई-बाबा असतील, पाच वाजता म्हणून सांगितलंय त्यांना."

"सांगितलंय? कधी?"

"मागच्या शनिवारी. डोळा मिटू नका, पुष्कर." थेंब बरोबर मध्यावर पडला. "आणि येताना पोहे करून आणा. आमच्याकडे मुलगा बघायचा कार्यक्रम आहे."