जगतापांची पंधरा मीटर वायर

आमच्या शेजारच्या जगतापांना घरी बोलवायचं असेल, तर आधी टीव्हीच्या मागची धूळ पुसून घ्यावी. बाकीचे पाहुणे सोफ्यावर बसतात, हे थेट तिथे जातात. "वायर बघू," म्हणतात आणि बघतातही. एका फायनलला शेवटची ओव्हर चालू असताना त्यांनी आमच्या टीव्हीची एचडीएमआय उपटून तळहातावर तोलली. पडदा काळा, घरातले सगळे माझ्यावर डोळे वटारून, आणि जगताप म्हणतात, "हलकी हाय. तुमाला फसवलं, साहेब." मॅच कोण जिंकलं ते मला वरच्या मजल्यावरच्या आरडाओरड्यावरून कळलं.

जगताप मूळचे साताऱ्याकडचे. उभी हयात वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गाळ्यावर गेली, त्यामुळे वस्तू कुठलीही असो, ती कांद्यासारखीच पारखायची. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत पहिलं होम थिएटर त्यांनीच आणलं. वायरीवर मात्र पैसा घालवायला त्यांचा जीव होत नाही. एकदा मी त्यांच्यासोबत दुकानात जायची चूक केली. त्यांनी वायर तोलली, नखाने खरवडली आणि चक्क नाकाला लावली.

"अंकल, गोल्ड प्लेटेड आहे," सेल्समन म्हणाला.

"मंगळसूत्र करायचंय का? पुढची दाखव."

"मग ही हायस्पीड घ्या ना."

"टीव्हीपातूर जायचंय, साताऱ्याला न्हाई."

आणि हवी किती? पंधरा मीटर! घरी यांचा सेट-टॉप बॉक्स टीव्हीच्या बरोबर खाली. एवढी कशाला म्हणून विचारलं, तर "लागती." स्वस्तातल्या लांब वायरीवर चित्र टिकेना, मध्येच जायचं, मध्येच यायचं. मग आणायची, लावायची, शिव्या द्यायच्या, परत करायची. त्यांना लांबून बघूनच दुकानदार शटर ओढतो, अशी सोसायटीत थट्टा चालायची. ती थट्टा मीच सुरू केली होती.

मग एका रविवारी हाक आली. "साहेब, मॅचला या. वायर गावली. स्वस्तात!"

हॉलमध्ये पाच-सहा शेजारी होते. वायर भिंतीच्या कडेने आतल्या खोलीत गेली होती. दार अर्धवट लोटलेलं. आत मंगलवहिनी, म्हणजे जगतापांच्या पत्नी. लकव्याने तोंड वाकडं झालं, तेव्हापासून त्या कुणासमोर येत नाहीत.

"मॅचचं याड तिचंच," जगताप माझ्या कानाशी म्हणाले. "एकटीनं बघत न्हाई, गलका लागतो. पन तिला कुनी बघायला नको. आतल्या टीव्हीचा डबा येगळा, त्यावर चित्र मागनं यायचं. हितं तुमी वरडला की तिला आधीच कळायचं, शिक्स गेला. मग म्हनायची, बंद करा. आता एकाच डब्यातनं दोनीकडं जातंय."

मला वाईट वाटलं आणि या माणसाचा रागही आला. एवढं दुकानात सांगायला काय झालं होतं?

तेवढ्यात फटका बसला. चेंडू उंच गेला. आम्ही सगळे टीव्हीकडे बघत होतो, जगताप दाराकडे. आम्ही ओरडलो आणि त्याच क्षणी आतूनही एक आवाज उठला, जड जिभेचा, अर्धामुर्धा. "शि...क्स!"

"संगंच आलं का गं?" जगतापांनी मोठ्याने विचारलं.

"गप... बसा. बघू द्या."

जगताप दाराला टेकून खालीच बसले आणि मॅच संपेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. बायकोची बोलणी खाऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.