वटवाघळं आणि दुसरा रिमोट

नऊ वर्षांच्या पोराला दहा मिनिटांत समजावून सांगता येणार नाही अशी एकही गोष्ट जगात नाही, असं माझं ठाम मत आहे. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी! त्यामुळे आमच्या चिरंजिवांचा लहानपणीचा व्हिडिओ गेम माळ्यावरून खाली आला आणि नात त्याच्यापुढे ठाण मांडून बसली, तेव्हा माझी जीभ शिवशिवायला लागली.

नात मात्र घाईत होती. तीन दिवस ती एकाच गुहेत अडकली होती. गुहेत वटवाघळं! सहाला तिचा मामा, म्हणजे आमचे हेच चिरंजीव, यंत्र आपल्या घरी न्यायला येणार, आणि हे जुनं यंत्र एकदा बंद केलं की खेळ पुन्हा पहिल्यापासून. वाजले होते साडेपाच. उरले होते तीन जीव.

"आजोबा, आत्ता नको ना!"

"तू खेळ गं. मी नुसता बोलतो." रिकामा पडलेला दुसरा रिमोट मी खडूसारखा तोंडासमोर धरला. "हे बघ, बटणं आठ, पण त्यांची बातमी नेणारी तार एकच. मग जमतं कसं? तुला वाटतं, ही तार यंत्रात जिथे खोचलीय त्या पोर्टमधून निरोप फक्त आत जातो. छे! आधी यंत्रच बाहेर हुकूम सोडतं, 'जो जिथे आहे तिथे थांबा!' आठही बटणं स्तब्ध! मग यंत्र एकेक टिचकी मारतं. पहिलं बटण, दाबलंय की नाही? टिचकी! दुसरं? टिचकी! अशी आठ जणांची हजेरी, सेकंदाला साठ वेळा! अगं, मला एका वर्गाची हजेरी घ्यायला अर्धा तास लागायचा!"

सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला.

"आजोबा! वटवाघळं मरतायत!"

"मी तर बटणाला बोटही लावलं नाही!" मी दचकलो. "म्हणजे आत तारेला तार चिकटलीय. खोटी हजेरी लागतेय!"

"लागू दे ना!"

"फुकटचे गुण घ्यायचे नाहीत!"

बटणांना चुकूनही धक्का नको म्हणून मी रिमोट टॉवेलात गुंडाळला, वर उशी दाबली आणि गप्प राहून निरीक्षण करू लागलो. वटवाघळं पिसाळून आली. एक जीव गेला.

"बघ, झाला दुरुस्त!" मी म्हणालो. नातीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं वाक्य गिळलं.

इतक्यात हिचा आवाज आला, "अहो, तो टॉवेल ओला आहे!" झालं! रिमोटला ओल लागली! मी तो घाईघाईनं सोडवला. टॉवेल हिसकावताना ही जे काही बोलली, त्यानं पडद्यावरची आठ वटवाघळं जागच्या जागी कोसळली. मला त्याचं नवल वाटलं नाही. त्या आवाजानं मीही कैकदा कोसळलोय.

मी रिमोट वाळायला खिडकीत ठेवला. दुसरा जीव गेला. आणि दारात मामा हजर!

सगळी हकिकत ऐकून तो पोट धरून हसला. "बाबा, त्या रिमोटवर बारीक भोकं दिसली नाहीत?"

"दिसली की. हवा खेळायला असतील."

"त्यामागे माईक आहे! या खेळातल्या वटवाघळांना आवाज सोसत नाही."

मी थक्क झालो. म्हणजे त्या एवढ्याशा पोर्टमधून हुकूम बाहेर, हजेरी आत, आणि वर माझं व्याख्यानही आत? "अरे, मग त्याला सगळं कळत होतं?"

"छे हो. आवाज आहे की नाही, एवढंच कळतं. एक किंवा शून्य."

"आजोबा!" नात किंचाळली. "शिकवा ना! लवकर शिकवा! शेवटचा जीव आहे!"

चाळीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं! मी धावत रिमोट आणला, घसा खाकरला आणि सुटलो. टिचक्या, हजेरी, वीज, तिथून चुंबक, चुंबकावरून पृथ्वी! वटवाघळं पिकल्या फळांसारखी टपाटप गळत होती. सहाच्या ठोक्याला नात गुहेबाहेर पडली आणि माझ्या गळ्यात पडली.

"कळलं ना सगळं?" मी विचारलं.

"काय कळलं? तुम्ही काही बोलत होतात का?"

असो. नातीनं नाही, तर नाही. यंत्रानं मात्र माझा शब्द न् शब्द सेकंदाला साठ वेळा तपासला, आणि माझ्या चाळीस वर्षांच्या व्यासंगावर शेरा मारला: 'आवाज आहे.'