सासूबाईंचा हात शिकलेली कांडी

भर दिवसा बैठकीच्या खोलीत मधोमध उभं राहून, हात लांब करून, भिंतीला बंदूक दाखवणारी सून सासूबाईंनी कुठल्याच देवाकडे मागितली नव्हती. तीन आठवडे हे चाललं होतं. सकाळचं आवरून सून कामाला बसते म्हणे. पण बसते कुठे? उभीच! हातात वीतभर पांढरी कांडी, टीव्हीखाली एक डबी आणि टीव्हीत एक भलंमोठं गोदाम. इकडे कांडी हलली की तिकडे बंदूक हलायची. कांडीचं बटण दाबलं की ठो! गोदामातला एखादा लोखंडी माणूस आडवा व्हायचा आणि सून वहीत लिहायची, ‘डावीकडे जरा जास्त.’

“लोकांच्या सुना कचेरीत जातात,” सासूबाई म्हणाल्या. “आमची घरबसल्या मुडदे पाडते.”

“आई, मुडदे नाही पाडत. खेळणाऱ्याने कांडी किती हलवली की बंदूक किती हलावी, ते ठरवते.”

“हलवली तेवढी हलावी. त्यात ठरवायचं काय?”

“तिथंच तर सगळी गोम आहे,” सून म्हणाली आणि पुन्हा हात लांब करून उभी राहिली.

सासूबाईंनी चौथीत शाळा सोडली होती, पण प्रश्न विचारायचं काही सोडलं नव्हतं. निवडायची भाजी घेऊन त्या मुद्दाम सोफ्यावर येऊन बसल्या.

“हे हात कुणाचे गं? मुंडकं दिसत नाही, पाय दिसत नाहीत. नुसते दोन हात आणि बंदूक.”

“तुमचेच. म्हणजे जो खेळेल त्याचे. त्याच्या डोळ्यांनी बघायचं म्हटल्यावर त्याचं डोकं कसं दिसेल?”

सासूबाईंनी टीव्हीतले हात निरखले, मग स्वतःचे निरखले. “माझे कसे? माझ्या मनगटावर कढईचा चटका आहे. तो कुठाय?”

सून हसली. मग तिने पडद्यावर बोटाने एक चौकोन काढून दाखवला. या चौकटीत कांडी फिरली तर नुसती बंदूक फिरते, चौकटीबाहेर गेली की खेळणाऱ्याची मानच वळते. चौकट लहान ठेवली तर जरा हात हलला की मान गरगरते आणि माणसाला मळमळतं. मोठी ठेवली तर मागून शत्रू येऊन टपली मारून जाईपर्यंत वळता येत नाही.

“मग केवढी ठेवायची?”

“तेच शोधतेय, आई. तीन आठवडे.”

“तीन आठवड्यांत मी अख्खं घर लावते,” सासूबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी भाजी निवडायला त्यांना दीड तास लागला.

मंगळवारी सुनेच्या साहेबांचा फोन आला. मागच्या वेळी कांडी धरून दहा मिनिटांत साहेबांचा खांदा भरून आला होता, तो दोन दिवस उतरला नव्हता. उद्या चार वाजता ते घरीच येणार होते. पुन्हा खांदा भरला तर कांडी बंद, खेळ साध्या बटणांवर, आणि सुनेची बदली जाहिरातींच्या विभागात. सून त्या रात्री अर्धी पोळी खाऊन उठली. सासूबाईंनी ताटातली उरलेली अर्धी टोमणा न मारता झाकून ठेवली. हे त्यांच्या बाबतीत नवीनच होतं.

बुधवारी सकाळी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. त्या घड्याळावर सासूबाईंचं दूध, पाणी, औषध आणि दुपारची डुलकी चालायची. घरात सेल नव्हते. टेबलावर कांडी पडली होती आणि तिच्या पाठीत दोन सेल होते. आता कांडी मोठी की घड्याळ, हा प्रश्न सासूबाईंना पडलाच नाही.

अडीच वाजता सुनेने कांडी उचलली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं, झाकण उघडलं आणि किंचाळली.

“आई! सेल?”

“घड्याळात आहेत. ओरडतेस काय? मागितले असतेस तर दिले असते.”

“तुम्ही मागितले होते का?” असं सून म्हणणार होती, पण तेवढा वेळ नव्हता. चपला उलटसुलट घालून ती नव्या सेलांसाठी दुकानाकडे पळाली.

सासूबाई एकट्या राहिल्या. घड्याळ टिकटिकत होतं आणि प्रत्येक टिकटिकीला त्यांना ती अर्धी पोळी आठवत होती. शेवटी स्टुलावर चढून त्यांनी घड्याळ उतरवलं, सेल काढून कांडीत बसवले आणि बंद घड्याळ परत टांगलं. नीट बसलेत ना, म्हणून बटण दाबलं.

टीव्ही लागला. त्यातून एक बाई गोड आवाजात म्हणाली, “नवीन हात शिकूया. कृपया हात स्थिर ठेवा.”

“स्थिरच आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“हात स्थिर ठेवा.”

“अगं, ठेवलाय की! डोळे फुटले का तुझे?” आणि सासूबाईंचा हात आपोआप त्यांच्या ठरलेल्या जागी गेला. कोपर कमरेला टेकलेलं, मनगट सैल, आणि बोटाच्या जागी कांडी. चाळीस वर्षं याच हाताने त्यांनी नवरा, मुलगा, दूधवाला आणि नळ दुरुस्त करणारा, सगळ्यांना सरळ केलं होतं.

“आता डावीकडे दाखवा.”

“मला शिकवतेस? कालची आलेली तू!” कांडी डावीकडे गेली.

“उजवीकडे दाखवा.”

“घरात बसून लोकांना हुकूम सोडतेस, एक भांडं तरी विसळलंस का?” कांडी उजवीकडे गेली.

“धन्यवाद. तुमचा हात शिकून झाला. आधीचा हात पुसला आहे.”

आवाज बंद झाला. पुसला म्हणजे काय, हे विचारायला समोर कुणी नव्हतं. सासूबाईंनी कांडी होती तशी टेबलावर ठेवली आणि सोफ्यावर येऊन भाजी हातात घेतली. भाजी सकाळीच निवडून झाली होती.

जवळच्या दुकानात सेल नव्हते, पार बाजारापर्यंत जावं लागलं, त्यामुळे चारला साहेब आणि सून दारात एकदमच पोचले. चहा करायला म्हणून चिरंजीव मुद्दाम अर्धी रजा काढून साडेतीनला घरी आले होते. कांडीत सेल परत आलेले पाहून सुनेने ती तशीच साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी हात लांब केला, एक डोळा मिटला, आणि टीव्हीतलं गोदाम गर्रकन फिरून छत दिसायला लागलं. त्यांनी हात खाली घेतला, तर नुसती फरशी दिसली. लोखंडी माणूस मागून येऊन टपली मारून गेला.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“काल तर नीट होतं!” सून म्हणाली.

“मी बघतो,” चिरंजीव म्हणाले. त्यांनी चहाचा ट्रे सोफ्याच्या हातावर ठेवला, कांडी घेतली, जोरात वळवली आणि कोपऱ्यातला दिवा पाडला. दिव्याची वायर सोफ्याच्या पायात अडकली होती, त्यामुळे सोफा हलला. सोफ्याबरोबर ट्रे, ट्रेबरोबर चहा. चहा साहेबांच्या सदऱ्यावर गेला.

“अगं बाई!” सासूबाई म्हणाल्या. हा शब्द त्या फक्त आगीच्या वेळी वापरत.

साहेब रुमालाने सदरा टिपत म्हणाले, “मला वाटतं, आपण बटणांवरच जाऊ.”

 सुनेची नजर टीव्हीच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर गेली : ‘हात शिकला : आज, २.५२.’ मग ती हळूच भिंतीकडे गेली. घड्याळ दोन वाजून पन्नास मिनिटांवर बंद होतं. मग ती आणखी हळू सोफ्याकडे आली.

“बघतेस काय?” सासूबाई उठल्या. “हो, मीच. तुझे सेल परत घालत होते. त्या टीव्हीतल्या बाईने मला हुकूम सोडले, मी तिला सुनावलं. आण ती कांडी इकडे!”

आणि कोपर कमरेला लावून त्या उभ्या राहिल्या.

“तू रे! पिंपामागे काय लपतोस?” ठो. “आणि तू, जिन्यावरचा? विचारल्याशिवाय वर गेलास कसा?” ठो. “दाराकडे कुठं निघालास? माझं बोलणं संपलं नाही अजून!” मनगट जरासं उजवीकडे गेलं, गोदाम शहाण्यासारखं वळलं, आणि दारातला लोखंडी माणूस दारातच आडवा झाला.

साहेबांनी सदरा टिपायचं सोडलं. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. गोदाम रिकामं झालं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “एवढेच?”

“आजी, खांदा दुखत नाही?” साहेब म्हणाले.

“खांद्याचं काय काम? तुम्ही पोलिसासारखा हात लांब करून उभे राहता, तो भरणारच. बोलताना मी हात लांब केला असता तर चाळीस वर्षं बोलले असते का?”

सून वही घेऊन जमिनीवर बसली होती. “आई, तुमची चौकट आडवी रुंद आणि उभी अरुंद झालीय. असं का?”

“माणूस पळतो तो दारातून. छतातून पळालेला अजून मी पाहिला नाही.”

साहेबांनी स्वतःच कोपर कमरेला टेकवून पाहिलं. मग हळूच एका लोखंडी माणसाला म्हणाले, “काय रे?” ठो. त्यांनी आणखी पाऊण तास घरी जायचं नाव काढलं नाही. जाहिरातींचं नाव तर पुढे कुणीच काढलं नाही.

त्यानंतर तीन महिने सून रोज दुपारी सासूबाईंसमोर पाट घेऊन बसायची. फितीने त्यांचं कोपर मोजायची, मनगट मोजायची, आणि “आता जरा रागवा ना, आई,” म्हणायची. कारण नसताना रागवायचं सासूबाईंना पहिल्यांदा जड गेलं. पण कारणं मिळत गेली.

खेळ पुरा झाला तेव्हा सुनेने आधी त्यांनाच बसवलं. टीव्ही लागला. गोदाम तेच, बंदूक तीच, दोन हात. आणि एका मनगटावर बोटाएवढा करडा डाग. कढईचा चटका.

चिरंजीव म्हणाले, “बघ आई, तुझाच हात!”  सून सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, त्या मंगळवारी अर्धी पोळी सोडून उठताना होता तसा चेहरा करून.

सासूबाईंनी पडदा निरखला. मग स्वतःचा उजवा हात वर केला, पडद्यावरचा डावा पाहिला, आणि पदराने उगाचच नाक पुसलं.

“चटका उजव्या हाताला आहे माझ्या. तू डाव्याला काढलास. लोकांच्या डोळ्यांनी बघायचा खेळ करतेस, आणि तीन महिने माझ्या समोर बसून बघितलंस. उलटंच दिसणार ना ते! ऊठ तिथून. इकडे माझ्या शेजारी येऊन बस, आणि बघ नीट, हात कुठला आहे ते.”