मुद्दई, मुद्दालेह आणि शिवलिंगआप्पा

आपल्या सख्ख्या भावाला घरात राहायला आणावं की नाही, हे शिवलिंगआप्पा दोन विलायती उंदरांवर तपासून बघत होते. निजामशाहीतल्या मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या आंबेजोगाईत, हे सगळ्यांना माहीत होतं. आप्पांनाही त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

त्या प्रकरणाचा शेवट गावात चुकीचा सांगतात. बरोबर सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे.

आप्पा मोजणीतले निवृत्त गिरदावर. साखळी टाकून भावाभावांच्या जमिनी वाटून देण्यात त्यांची नोकरी गेली होती. उंच, वाळलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मूलबाळ नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मी तहसिलीत नक्कलनवीस होतो, दिवसभर सरकारी कागदांच्या नकला उतरवायचो, आणि आप्पांच्या शेजारी राहायचो. ते मला 'मुनशी' म्हणत. चालताना पावलं मोजायची त्यांची सवय सुटली नव्हती. वाटेत कुणी हाक मारली तर हात वर करून त्याला थांबवायचे, विहिरीपर्यंतची पावलं पुरी करायचे आणि मागे वळून म्हणायचे, "एकशे चाळीस. हां, शरणार्थ मुनशी. बोला."

"मुआयना झाल्याबगर फैसला न्हाई" हे त्यांचं पालुपद. मुआयना म्हणजे जातीनं जाऊन पाहणी. वांगी घ्यायची असली तरी मुआयना. एकदा मी कुंपणावरून ओरडलो, "आप्पा, दूध उतू चाललंय!" तर ते आधी दाराशी आले, मी कुठे उभा आहे आणि तिथून चूल दिसते का ते पाहिलं, मग आत गेले. तोवर दूध विझलेल्या चुलीत होतं.

त्यांचा धाकटा भाऊ बसलिंगआप्पा धारूरला, किल्ल्याच्या पायथ्याशी. तोही एकटाच. वडिलांच्या जमिनीची वाटणी आप्पांनी स्वतः केली होती, आणि बांधावरचं लिंबाचं झाड हातभर अंतरानं आप्पांच्या वाट्याला आलं. बसलिंग चारचौघांत म्हणाला, "आण्णा, साखळी ढिली धरलास." तेवढ्यावर अकरा वर्षं बोलणं बंद. मग एक दिवस त्याचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. डोळ्यांनी दिसेनासं झालंय, तुझ्याकडे येऊ का?

आप्पांनी उत्तर दिलं नाही. त्याच सुमारास छावणीतला घोड्यांचा डॉक्टर गाव सोडून गेला. त्यानं पाळलेले तीन गिनीपिग मागे राहिले. मादी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं नेली आणि दोन नर आप्पांनी मागून घेतले.

"दोन नर, एका घरात," आप्पा मला म्हणाले. "मुआयन्याला ह्याच्याहून चांगलं काय पायजे?"

"उंदरावरून भावाचं कसं ठरवता, आप्पा?"

"मानूस पारखाया गेलं की मानूस गोड बोलतंय, मुनशी. हे बोलत न्हाईत. सगळा घोळ बोलण्यानंच हाय."

एकाचं नाव त्यांनी ठेवलं मुद्दई, दुसऱ्याचं मुद्दालेह. कचेरीच्या भाषेत वादी आणि प्रतिवादी. मुद्दई पांढरा आणि गुबगुबीत, मुद्दालेह तांबडा आणि संशयी. दोघांना एकदम एका खोक्यात टाकायचं नाही, हे आप्पांनी आपल्या बुद्धीनं ओळखलं. आधी एकच फडकं दोघांच्या अंगावरून फिरवलं, म्हणजे वास एक होईल. मग दोघांनाही नवीन असलेल्या कोठीच्या खोलीत सोडलं. "कुनाचाच कब्जा नसलेली जागा पायजे," ते म्हणाले. लपायला खोकी ठेवली, पण प्रत्येक खोक्याला दोन दारं. "एकाच दाराच्या घरात कोपऱ्यात सापडलेला चावतोच." गवताचे ढीग दोन, पाण्याची परळं दोन, ती पण एकमेकांपासून लांब.

या सगळ्याचा रोजनामचा ते सरकारी थाटात लिहीत. मी तो पाहिला आहे. 'मुद्दालेहनं दात वाजवले. मुद्दईनं पाठ फिरवली. सुलह.' म्हणजे समेट. किंवा, 'आज दोघांनी एकच काडी दोन टोकांकडून खाल्ली. नाकं भिडली. कुणी माघार घेतली ते दिसलं नाही, मध्ये खोकं आलं.'

पाच महिने असे नीट गेले. गवत नुसतं खसखसलं तरी दोघं मिळून अशी शिटी घालत की माझ्या घरात कळायचं आप्पा बाजारातून आले. एक दिवस आप्पांनी जाहीर केलं, "पंचमीला धारूरला गाडी धाडतो." पाटावर एक नवी वाकळ घडी करून ठेवलेली मी पाहिली.

पंचमीला पंधरा दिवस असताना त्यांना एका जुन्या मोजणीच्या साक्षीसाठी वडवणीकडे जावं लागलं. किल्ली माझ्याकडे दिली. "गवताचे ढीग दोन. एक न्हाई, दोन. दुसरं काय बी करू नका."

दुसरं मी केलं. कचेरीतल्या दोघांशी मी विड्याची पैज लावली की आप्पांची सुलह मादीपुढे टिकायची नाही. कल्पना माझी होती. कंपाउंडरकडून ती मादी मीच उपरण्याखाली झाकून आणली आणि भर दुपारी कोठीत सोडली. आम्ही उंबऱ्यावर बसलो. दोघे नर घुमायला लागले, मग कमरा हलवत असे चालायला लागले की आमची हसून हसून पुरेवाट झाली.

"मुद्दई घोड्यावर बसायचाच बाकी हाय, बे!" एक जण म्हणाला.

तो हे बोलेपर्यंत दोघे एकमेकांना भिडले होते. मी घोंगडं टाकून सोडवलं, तोवर तांबड्याचा कान फाटला होता आणि पांढऱ्याचा ओठ. मादी मी परत देऊन आलो.

आप्पा आले. वाकून बराच वेळ पाहत राहिले. "हे कसं झालं?"

"काय की, आप्पा. म्या तर दोन ढीगच टाकले."

त्यांनी दोघांच्या मध्ये फळी उभी केली. पंचमी आली, धारूरला गाडी गेली नाही. गावात म्हणायला आयतं मिळालं: उंदरांनी आप्पांचा दावा खारीज केला. जनावर एवढं शिकवून शेवटी जातीवर गेलं, असं आजही सांगतात. तेव्हा हसणाऱ्यांत मी होतो. आप्पांना खरं सांगायचं मी रोज ठरवायचो, आणि ते समोर आले की पावसापाण्याचं बोलायचो.

भादव्यात धारूरहून सांगावा आला. बसलिंग विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून गेला. दिसलं नसणार. आप्पा मातीला जाऊन तिसऱ्या दिवशी परतले, तेव्हा मी बसायला गेलो. ते कोठीच्या उंबऱ्यावर होते. आत फळी नव्हती. मुद्दई आणि मुद्दालेह एकाच खोक्यात, एकाच्या पाठीवर दुसऱ्याची हनुवटी, झोपले होते.

"आप्पा, हे कधी?"

"फळी टाकली त्याच्या आठव्या दिशीच. दोघास्नी शिकेकाईच्या पान्यानं धुतलं, जमीन सारवून घेतली, नवं गवत टाकलं. तवापासून एक बार बी दात वाजवला न्हाई."

"मग गाडी कावून धाडली न्हाई?"

आप्पा खोक्याकडे पाहत म्हणाले, "कारन सापडलं न्हाई, मुनशी. पाच महिने नीट ऱ्हायली आन् एका दिशी रगात. मला त्यांचं भ्या न्हवतं, माझं होतं. आंधळा मानूस घर मोडून हितं येनार. आन् एका दिशी माझंच टकुरं फिरलं, तर त्यानं जावं कुठं? म्हनलं कारन कळू द्या, मग आनू. लई दिस पाहिलं."

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. आवाजात राग नव्हता, मोजणीतली जुनी चौकशी होती. "तुमी होतात हितं. काय झालतं त्या दिशी? आठवून सांगा."

मी म्हणालो, "आठवत न्हाई, आप्पा."

त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. बसा, भाकरी खाऊन जावा. एकट्यापुरती चूल पेटवू वाटत न्हाई."

मी बसलो. दोन भाकरी खाल्ल्या.