उजव्या मनगटावरची अमेरिका

आमचे शेजारी जगूअण्णा अमेरिकेहून परतून वर्ष झालं, तरी त्यांचा जेट लॅग उतरला नव्हता.

दोन्ही मनगटांवर घड्याळं. डावं महाडचं, उजवं मुलाच्या गावचं. आम्ही सकाळी पोहे खायचो तेव्हा अण्णा वरणभात जेवत, आणि भर दुपारी गाढ झोपत. विचारलं की ठरलेलं उत्तर : "अरे, शरीर आलंय. झोप मागच्या विमानानं येतेय."

डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले होते. अण्णा म्हणाले, "ते इतरांचे. हे निवृत्त तलाठ्याचं शरीर. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो."

कापडे गावी पुतण्याच्या लग्नात पंगतीत जिलबी हातात धरूनच ते झोपले. थोरली बहीण ओरडली, "रे जगू, म्हशीचा गोठा बदलला तरी चार दिवसांत रुळते. तुला वरीस झाला, अजून कसा नाय उतरत?"

सगळे हसले. मीही हसलो. खरं तर मला हसायचा हक्क नव्हता.

अण्णांकडे फोन नव्हता. त्यांच्या मुलानं, सतीशनं, माझाच नंबर लिहून घेतला होता, पुढे पी. पी., म्हणजे शेजाऱ्याचा फोन. तिथे कामावरून परतला की तो फोन करायचा. म्हणजे आपल्याकडे पहाटे चारला. सुरुवातीला मी अण्णांना हाक मारायचो. मग एकदा अंथरूण सोडवेना. "जेट लॅगनं गाढ झोपलेत रे. कशाला उठवू?" म्हणालो. खिडकीतून अण्णांच्या ओटीवरचा दिवा दिसत होता. असं तीनदा केलं. नंतर फोन आलाच नाही.

एका संध्याकाळी चवदार तळ्याकाठी मी विचारलं, "अण्णा, खरंच उतरला नाही?"

"आठव्या दिवशीच उतरला." ते उजवं घड्याळ चाचपत होते. "पण पोरानं फोन करावा नि बाप झोपलेला सापडावा, बरं दिसतं का? हल्ली कामात असेल तो."

मग मी सगळं सांगून टाकलं.

 अण्णांनी उजवं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. "आता तू जागा राहा. मी जरा झोपतो."

माझ्या फोनवरून परदेशी लागत नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून सतीशला फोन लावून त्यालाही खरं सांगितलं. त्यानं फोन ठेवून दिला.

मी विमानात कधी बसलेलो नाही. तरी रोज चारला जाग येऊ लागली. पाचव्या पहाटे फोन वाजला. मी अनवाणीच धावलो. अण्णांच्या ओटीवर अंधार होता. वर्षभरात पहिल्यांदाच ते पहाटे घोरत झोपलेले सापडले. आणि दार माझ्यासाठी नुसतं लोटलेलं होतं.