नकाराचे पेढे

सातपूरच्या निकमबाई नसत्या, तर मी आज दिंडोरीकडच्या कुठल्या तरी द्राक्षबागेत कात्री घेऊन उभी असते. म्हणून आधी त्यांचं नाव घेते. काय झालं ते मग सांगते.

निकमबाई पेढे वाटतात. त्यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. नोकरी लागली की सगळेच वाटतात. पण बाई नोकरी नाही लागली की वाटतात.

मी पहिल्यांदा त्यांच्या वर्गात शिरले तेव्हा मला वाटलं, चुकून कोणाच्या तरी साखरपुड्यात आले. वसाहतीतलं समाजमंदिर, खाली सतरंज्या, त्यावर पोरं, पोरी, दोन-चार मोठी माणसं, आणि मध्ये एक उंच, किडकिडीत बाई पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या. साडीवर पुरुषी स्वेटर. मोठ्या उत्साहानं विचारत होत्या, "चला, आज कोणाचं झालं नाही?"

एका पोरानं मान खाली घालून बोट वर केलं.

"अरे वा! कुठे गेला होतास?"

"अंबडच्या एका कारखान्यात, बाई. हेल्परसाठी."

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

"म्हणजे नाही कळवणार. आ कर." आणि बाईंनी पेढा त्याच्या तोंडात घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगा चावता चावता हसायला लागला.

माझ्या शेजारी सोपानकाका नावाचे गृहस्थ बसले होते. कारखाना बंद पडल्यामुळे पन्नाशीत घरी बसलेले. मी हळूच विचारलं, "काका, हे असं का?"

"अगं, बाईंचं म्हणणं असंय, की नोकरी लागली तर तोंड गोडच असतं. साखर वाया कशाला घालवायची? कडू तोंडाला द्यावी." मग कानाशी येऊन म्हणाले, "माझे सगळ्यात जास्त झालेत. आता शुगर निघाली."

हे खरं होतं. काकांना मधुमेह निघाल्याचं कळलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "सोपानराव, आता तुम्हाला नोकरी लागलीच पाहिजे. डॉक्टरांनीच सांगितलंय." पुढे त्यांना अंबडच्या एका गोदामावर वॉचमनची नोकरी लागली, तेव्हा वर्गातले म्हणाले, गोळ्या लागू पडल्या.

बाई स्वतः इथल्याच एका स्विच बनवणाऱ्या कारखान्यात लाइनवर होत्या. स्क्रू पिळता पिळता सुपरवायझर झाल्या आणि निवृत्त झाल्यावर हा वर्ग सुरू केला. दुपारी चारला, रविवार सोडून. कोणीही यावं. अर्ध्यात शाळा सोडलेलं, कामावरून काढलेलं, नवरा गेलेलं, कुठेच धड न टिकलेलं. मी भीत भीत फी विचारली तर म्हणाल्या, "पाठ ताठ ठेवून बसायचं. एवढी झेपेल का?"

मला तेवढीही झेपत नव्हती. मी सुरगाण्याकडची. आमच्या पाड्यावर भात आणि नागली होते, पण ती वर्षभर पुरत नाही. म्हणून पावसाळा संपला की अख्खं घर टोळीबरोबर द्राक्षबागेत जातं. मीही जायची. परत आले की वर्गातली पोरं पुढच्या धड्यावर असायची. असं करत करत आठवीनंतर मी शाळेत गेलेच नाही. मग सातपूरला आत्याकडे आले, तेव्हा बा एसटीत बसवून देताना म्हणाला होता, "बागांची छाटणी लागंपर्यंत बघ. नाय लागली नोकरी तर टोळीत ये. मंग पुढचं पुढं." पुढचं पुढं म्हणजे काय ते मला माहीत होतं. त्याचं नाव काशिनाथ होतं आणि त्याच्याकडे मोटारसायकल होती.

तर छाटणी लागायच्या आत मला नोकरी लागायला हवी होती. आत्याची खोली एक, माणसं पाच. मी रात्री कूस वळले की सगळ्यांना वळावं लागे. आत्या कधी काही बोलली नाही, पण मला सतत वाटायचं, आज बोलेल.

बाईंच्या वर्गात मुख्य विषय एकच, साहेब. मुलाखत घेणारा साहेब कसा असतो हे बाई स्वतः साहेब होऊन शिकवतात. त्यांच्याकडे तीन साहेब आहेत. पहिला खडूस साहेब. चष्मा नाकाच्या टोकावर, प्रत्येक उत्तराला "मग?" दुसरा गोड साहेब. हा सतत हसतो, घरच्यांची चौकशी करतो. बाई म्हणतात, सगळ्यात जास्त भ्यायचं ते याला, कारण याच्यासमोर माणूस नको ते बोलून जातो. आणि तिसरा फोनवाला साहेब. हा पूर्ण वेळ फोनवर असतो आणि मधूनच तुम्हाला काहीतरी विचारतो.

माझी पाळी आली तेव्हा बाई फोनवाले साहेब झाल्या. कानाला फोन लावून येरझाऱ्या घालायला लागल्या.

"हो हो, माल निघालाय… नाव काय?"

"मंजुळा भोये."

"बरं… नाही, आज नको, उद्या पाठवा… राहायला कुठे?"

"आत्याकडं."

"आणि हळद किती आणू?"

"पाव किलो पुरे," मी म्हणाले.

सगळं समाजमंदिर हसून लोळलं. सोपानकाकांना ठसका लागला. बाई फोन खाली घेऊन माझ्याकडे गंभीरपणे बघत राहिल्या. "उमेदवार नापास. पण घरात एवढी हळद पुरते हे तुला माहितीये. पुढच्या वेळी साहेबाला त्याच्या बायकोशी बोलू दे."

त्या सगळ्यांना उमेदवारच म्हणतात. सोपानकाकांनाही, चहा आणणाऱ्या पोरालाही. एकदा समाजमंदिरात गाय शिरली तर तिलाही म्हणाल्या, "उमेदवार, बाहेर थांबा. नाव पुकारू."

माझी पहिली खरी मुलाखत एका पॅकिंगच्या कंपनीत झाली. साहेबांनी विचारलं, "अनुभव?" मी म्हटलं, "नाही." "शिक्षण?" "नाही." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, आता हिला नाव विचारलं तरी नाहीच म्हणेल.

वर्गात आले आणि बोट वर केलं. पेढा तोंडात होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बाईंनी टाळ्या वाजवू दिल्या, मग समोर येऊन बसल्या.

"अनुभव नाही म्हणालीस?"

"नाहीच ना, बाई."

"दर वर्षी थंडीत काय करत होतीस?"

"थिनिंग."

"म्हणजे काय ते यांना सांग. यांना वाटतं द्राक्षं फ्रीजमध्ये पिकतात."

मी सांगितलं. घड लहान असतानाच त्यातले जादा मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले नीट फुगतात. मणी ज्वारीएवढे. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं तर त्याच्यावर डाग पडतो आणि मुकादम आईवरून बोलतो. हात वर धरून दिवसभर तेच करायचं. एका घडाला रेंगाळायचं नाही, आणि बिघडवायचाही नाही.

बोलता बोलता माझं मलाच आश्चर्य वाटलं.

"मी लाइनवर पोरी घ्यायचे," बाई म्हणाल्या, "तेव्हा असेच हात शोधत फिरायचे. मिळायचे नाहीत. आणि ही म्हणते, नाही. पुन्हा कोणी अनुभव विचारला तर आधी हातांना विचार, मग तोंड उघड."

त्यानंतरही मी दोन-तीन पेढे खाल्ले, खोटं कशाला सांगू. एका ठिकाणी दहावी लागत होती, एका ठिकाणी गाडी. तिकडे बाचा फोन आला, "मुकादम नावं घेतो हाय. तुझं सांगू का?" मी म्हटलं, "चार दिवस थांब." आत्या भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण निवडायची थांबली.

त्याच आठवड्यात बाईंनी मला स्विचच्या एका लहान कारखान्यात पाठवलं. जाताना आत्याच्या चपला घातल्या होत्या. त्या मोठ्या व्हायच्या, म्हणून पायाची बोटं आवळून चालत होते. आत गेले तर साहेब फोनवर. खरोखरचे. मला बसायची खूण केली आणि बोलत राहिले. गाडीचं काय झालं, कोणाचं लग्न आहे, हॉल कुठला. मी पाठ ताठ करून बसले. मनात म्हटलं, मंजुळा, हॉल सुचवू नकोस.

"अनुभव?" त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं.

मी सांगितलं. थिनिंगचं, डागाचं, सगळं. मुकादमाच्या शिव्या तेवढ्या गाळल्या. साहेबांनी "नंतर करतो रे" म्हणून फोन बंद केला. एका ताटात बारीक स्प्रिंग आणि स्क्रू ओतले, एक उघडा स्विच पुढे ठेवला. "एकदा दाखवतो, मग तू कर."

मी ताट जवळ ओढलं. स्प्रिंग चिमटीत धरली. ज्वारीएवढीच होती. मी एक बसवला, दुसरा बसवला, तिसरा घेतला तेव्हा साहेब म्हणाले, "अगं बास, पगार अजून सुरू नाही झाला. सोमवारी ये. पहिली पाळी."

बाला फोन केला. तो म्हणाला, "बरं मंग. टोळीत एक नाव कमी सांगतो." आणि फोन लांब धरून आईला हाक मारताना त्याचा आवाज फाटला.

मी पळत समाजमंदिरात गेले. वाटलं होतं, बाई मिठी मारतील. बाईंनी नुसतं "बरं" म्हटलं. मग भराभर सूचना. पाय झाकणाऱ्या चपला घाल, ओढणी पिनेनं लाव, मशीनजवळ लोंबता कामा नये, डबा स्वतःचा ने, पहिल्या दिवशी कोणाच्या भांडणात पडू नकोस. आणि शेवटी, "आता इकडे यायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे यायचं नाही. ज्यांना लागली त्यांचं इथे काय काम? जागा अडते. चल, पुढचा!"

मी पायरीवर बसून रडले. सोपानकाकांनाही असंच घालवलं होतं, हे मला आठवत होतं. तरी वाटलं, मला वेगळं वागवतील. प्रत्येकाला तसंच वाटत असणार.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या गेटवर पोहोचले तर पाळी बदलत होती. मोटारसायकलींची गर्दी, गळ्यात कार्ड अडकवलेल्या बाया हसत-खिदळत आत जात होत्या. सगळ्यांना माहीत होतं कुठे जायचं. आतून यंत्रांचा धडधडाट येत होता. मी गेटबाहेरच थांबले. वाटलं, साहेबांनी चुकून भलतीलाच घेतलं असेल. आत गेले की कोणीतरी ओळखेल, ही बागेतली. मी मागे वळले. इथून रिक्षा, मग जुनं सीबीएस स्टँड, मग सुरगाण्याची गाडी. सगळा रस्ता डोळ्यांसमोर आला, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

आणि रस्त्यापलीकडे, चहाच्या टपरीच्या बाकावर, निकमबाई दिसल्या.

स्वेटर, मांडीवर पिशवी, हातात चहाचा ग्लास. गेटकडे बघून हातानं खुणा करत होत्या. जा, जा, आत जा, घाबरू नकोस. पण माझ्याकडे नाही. माझ्यासारखीच पिवळी ओढणी घेतलेली एक अनोळखी बाई गेटजवळ चप्पल नीट करत होती, तिच्याकडे. ती बिचारी मागे बघे, पुढे बघे. या कोण, आणि मला आत का ढकलतायत? शेवटी तिनंही भीत भीत हात हलवला आणि आत गेली. ती दिसेनाशी झाल्यावर बाईंनी ग्लास बाकावर ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

मला हसू फुटलं. इतकं, की वॉचमन म्हणाला, "काय ताई, पहिल्याच दिवशी एवढी खूश?" हसता हसताच मी आत गेले. कधी गेले ते कळलंही नाही.

पाळी सुटल्यावर टपरीवर गेले. टपरीवाले भाऊ म्हणाले, "निकमबाई? त्या कोणाच्याही पहिल्या दिवशी येतात. या गेटला, त्या गेटला, अंबडलासुद्धा. चहा सांगतात अन् पीत नाहीत. माणूस आत गेलं की उठतात. आज म्हणाल्या, चला, ही पण गेली."

"आणि ज्यांना लागते ते कोणी भेटतात त्यांना?"

"कोण भेटतं, ताई? पाळ्या, ओव्हरटाइम, घर. सुरुवातीला म्हणे वाट बघायच्या. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली, येऊ नका."

मी बाकावर बसले. कोणी विसरलं असं व्हायला नको, म्हणून बाईंनी आधीच सगळ्यांना मनाई करून ठेवली होती. न येणारा प्रत्येक जण त्यांचं ऐकत होता, एवढंच.

"त्यात आता डोळे," भाऊ ग्लास विसळत म्हणाले. "मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनला डॉक्टर म्हणतात, सोबत माणूस आणा. बाई म्हणतात, बघू. दोन वर्षं बघतायत."

मी अजून कायम झालेली नाही. रजा मागायची छाती होत नाही. पण माझी पहिली रजा ठरलेली आहे. त्या दिवशी मी पाड्यावर जाणार नाही. रिक्षा घेऊन निकमबाईंच्या दारात उभी राहणार आहे. त्या ओरडतील, तुला यायचं नाही सांगितलं होतं ना? ओरडू देत. मी त्यांचा हात धरून त्यांना दवाखान्यात नेईन, आणि तिथे विचारतील, पेशंटबरोबर कोण आहे, तेव्हा सांगेन, मंजुळा भोये, मी आहे. पट्टी सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहीन. चहा पिणार मात्र नक्की.